एका विशेषणाची गिऱ्हाइके

बारामतीच्या बाजारात गूळ मिळतो, तंबाखू मिळते, घोंगडी मिळतात. इंग्रजी विशेषण मात्र आमच्या छापखान्याखेरीज कुठे मिळत नसे. संपादकांनी कळवले की बाई छापखान्यात नोकरी करते याचे वाचकांना कुतूहल असते, तेव्हा काहीतरी लिहा. माझ्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. मी पडद्यामागे बसत असे. पण पडद्यापुढे काय चालले आहे ते मला चांगले ऐकू येई.

आधी पडद्याचे सांगते. वडील दौंड-बारामती गाडीवर गार्ड. रेल्वेचा पास होता म्हणून मी पुण्याला मिशनच्या शाळेत राहून शिकले. तिथे सगळा कारभार इंग्रजीत. मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा इंग्रजी बोलायला कोणी नव्हते, आणि चारचौघांत मराठी बोलायचा मला संकोच वाटे. एके दिवशी वडिलांचे स्नेही दादामियाँ घरी आले. त्यांचा छापखाना स्टेशनाच्या रस्त्यावर होता, आणि अलीकडे वकील, डॉक्टर, कालव्याचे अधिकारी इंग्रजी काम घेऊन येत होते.

"गार्डसाहेब, तुमची पोरगी खिडकीत बसून गाड्या बघती. त्यापरीस माझी प्रुफं बघू द्या की," ते म्हणाले.

"पोरीनं बाजारात बसायचं?" आईने आतून विचारले.

"बाजारात न्हाय वहिनी, पडद्यात. आन् पडदा कसा लावायचा, त्ये आमच्या घरात कुनी शिकवाया लागत न्हाय."

आई हसली आणि माझी नोकरी ठरली. दादामियाँनी खरोखरच कागदाच्या कपाटाला लागून गोणपाटाचा पडदा लावला, आत एक टेबल आणि खुर्ची ठेवली. प्रुफे पडद्याखालून आत येत, दुरुस्त होऊन बाहेर जात. गिऱ्हाइकांसोबत बायका आल्या तर त्यांनाही माझ्याकडे आत बसवत.

ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. खिळा म्हणजे शिशाचा लहानसा तुकडा, त्याच्या माथ्यावर एक उलटे अक्षर. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधतो. त्यावर शाई फिरली, कागद दाबला, की अक्षर सुलट उमटते. काम संपले की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकायचे. मराठीचे खिळे आमच्याकडे पोत्याने होते. इंग्रजीचे एकच नक्षीदार वळण, म्हणजे एका घाटाच्या अक्षरांचा संच, होते आणि त्यात अक्षरे बेताची. त्यामुळे एक इंग्रजी काम यंत्रावर चढले की दुसऱ्याने थांबायचे. माझे काम प्रूफ वाचण्याचे, पण हळूहळू दुसरेही एक काम अंगावर आले. गिऱ्हाईक म्हणे, "कायतरी साह्यबी शब्द टाका," आणि दादामियाँ पडद्याकडे तोंड करून विचारत, "बाई, काय टाकायचं?" मी चिठ्ठीवर लिहून देई. बोलण्यापेक्षा ते बरे वाटे.

आता त्या शब्दाकडे येते. कालव्याच्या मोठ्या इंजिनियर साहेबाची बदली झाली, तेव्हा गावाने त्याला मानपत्र द्यायचे ठरवले. एका वकिलाने ते इंग्रजीत लिहिले. त्यात एक वाक्य होते की, ज्या रेअरिफाइड उंचीवरून आपण आमच्यासारख्यांत उतरलात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. प्रूफ वाचताना मी त्या शब्दाशी थांबले. शाळेत भूगोलाच्या तासाला तो भेटला होता. पर्वताच्या माथ्यावरची हवा रेअरिफाइड, म्हणजे विरळ असते. तिथे चढणारा दमतो. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांत तो माणसांच्या बाबतीत दिसू लागला. लाटसाहेबांच्या घरची मंडळी, फार विद्वानांच्या सभा, अशा ठिकाणी तो वापरत. म्हणजे इतके उंच की तिथे थोडकेच लोक पोहोचतात. शब्द योग्य होता. मी प्रूफ पुढे पाठवले.

मानपत्र वाचले गेले ते कालव्याच्या बंगल्याच्या बागेत. वडील होते तिथे. त्या वाक्याशी साहेब हसला, पुन्हा वाचायला सांगितले आणि उठून वकिलाचा हात हातात घेतला. बारामतीत त्याने असा कोणाचा हात धरलेला कोणी पाहिला नव्हता. अर्थ कोणाला कळला नाही, पण परिणाम सगळ्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइके सुरू झाली.

पहिले आले सुप्याचे एक तंबाखूचे व्यापारी. पुड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. "वर त्यो साह्यबाचा शब्द टाका," ते म्हणाले. मी चिठ्ठी बाहेर दिली: खाण्याच्या वस्तूला हा शब्द लावत नाहीत, त्याचा मूळ अर्थ विरळ. दादामियाँनी मोठ्याने वाचले.

"इरळ?" व्यापारी दचकले. "इरळ तंबाखू म्हंजे हलकी. आवो, गिऱ्हाईक पाठ फिरवंल. ऱ्हाऊ द्या."

मग पिंपळीचा एक पैलवान आला. कुस्त्यांच्या जाहिरातीत त्याला स्वतःच्या नावामागे तो शब्द हवा होता. मी पुन्हा चिठ्ठी दिली, या खेपेस जरा सविस्तर. उंचावर हवा पातळ होते आणि चढणाऱ्याला दम लागतो, असे लिहिले.

"आधी पातळ आन् वर दम लागल्याला?" पैलवान म्हणाला. "वस्ताद हाडं मोडंल माझी. दादामियाँ, तुमी आपलं 'महाराष्ट्राचा वाघ' छापा."

"वाघाचा ठसा हाय माझ्याकडं," दादामियाँ खुशीने म्हणाले. "शेपटी जरा झिजलीया."

असा तो शब्द येई आणि परत जाई. हे चांगलेच होते, कारण त्याचे खिळे जुळवायचे तर सगळे नक्षीदार वळण अडकून पडले असते. पण एक गिऱ्हाईक असे आले की ते परत गेले नाही.

इंदापूरकडचे आनंदराव. कालव्याच्या फाट्यावर त्यांचा ऊस होता, गुऱ्हाळे होती, आणि मुलीचे लग्न ठरले होते. सोबत त्यांची थोरली बहीण अक्का आणि आईवेगळी मुलगी कुसुम अशा दोघी होत्या. त्यांना माझ्याकडे आत बसवले. मी एकच खुर्ची होती ती अक्कांना दिली. त्या खुर्चीवर न बसता कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

बाहेर आनंदराव सांगत होते, "कार्ड इंग्रजीत पायजे. सोनेरी शाई. आन् साह्यबानं हात दिला त्यो शब्द पायजे. लगीन आमाला तसलं करायचंय."

"म्हंजे कसलं?" दादामियाँनी विचारले.

"उच्ची. मोजकी मानसं. मामलेदार, प्रांत, कालव्याचं साह्यब, पुण्याचं पाव्हणं. ज्याच्या हातात कार्ड त्योच मांडवात."

मी चिठ्ठी लिहायला घेतली. अक्का माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"ही बोलत न्हाय व्हय गं? मुकी हाय का?"

"बोलत आसंल की, आत्या," कुसुम म्हणाली. "इंग्रजीत."

मला हसू आले, आणि मी हसले म्हणून तिला धीर आला. ती माझ्याच वयाची. जवळ सरकून तिने हळूच विचारले, "बाई, त्या शब्दाचा अर्थ काय हो?"

मी सांगितले. खूप उंच, म्हणून थोडी माणसे. हवा विरळ, चढणाऱ्याला दम लागतो.

तिने पडद्याबाहेर वडिलांच्या आवाजाकडे मान केली. मग म्हणाली, "आण्णा म्हणत्यात, गावाला आवतण द्यायचं न्हाय. मग मला हळद कोण लावायचं? मामलेदार?"

मी शहरात वाढलेली, म्हणून आवतणाचे मला अक्कांनी समजावले. त्यांच्याकडे लग्नाला कोणी आपण होऊन येत नाही. शेजारी असो, सख्खा भाऊ असो. गावचा न्हावी घरोघर फिरतो, उंबऱ्यावर अक्षता ठेवतो आणि आवतण सांगतो. साधे आवतण म्हणजे घरटी एक माणूस. मानाचे म्हणजे चूलबंद: उद्या तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचे. आनंदरावांच्या वडिलांपासून त्या घरचे प्रत्येक लग्न चूलबंद झाले होते.

"आणि आवतण नाही दिले तर?" मी विचारले.

"तर कोण येत न्हाय," अक्का म्हणाल्या. "भांडत बी न्हाईत. निस्तं येत न्हाईत. कार्ड काय हळदीची गाणी म्हणंल?" हे शेवटचे वाक्य त्यांनी पडद्याबाहेर ऐकू जाईल असे म्हटले.

"अक्का, गप ऱ्हावा," बाहेरून आनंदराव म्हणाले.

कुसुमने मान खाली घातली. मी हातातली चिठ्ठी पाहिली. ती बाहेर दिली असती तर दादामियाँनी वाचली असती, सगळे हसले असते आणि कुसुमचे म्हणणे तिथेच हसण्यावारी गेले असते. मी उठले आणि पडदा बाजूला केला. नोकरी लागल्यापासून गिऱ्हाईक समोर असताना मी पहिल्यांदाच बाहेर आले होते. दादामियाँनी तोंडातली विडी काढली.

"हा शब्द आपण आपल्याविषयी वापरत नाही," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "दुसऱ्याने आपल्याविषयी वापरायचा असतो. आणि वापरणारा बहुतेक वेळा मनात थोडा हसत असतो."

आनंदरावांनी माझ्याकडे नीट पाहिले. ते रागावले नाहीत. "मग तुमीच वापरा की, बाई. छापणार तुमी, म्हंजे दुसऱ्यानंच वापरल्यागत झालं."

दादामियाँ खो खो हसले. मी परत पडद्याआड जाणार, इतक्यात आनंदराव हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझा व्याही पुण्यात वकील हाय. साखरपुड्याला त्येंच्या बायका आल्या, त्येंनी आमच्या अंगणातल्या म्हशी बघून नाकाला पदर लावला. माझ्या लेकीला तिथं जल्म काढायचाय. तिला कुणी खालचं म्हणू नये, येवढंच हाय."

'सिलेक्ट', म्हणजे निवडक, हा शब्द चालेल का, असे मी विचारून पाहिले. तो त्यांना साधा वाटला. शेवटी तोच शब्द घालून कार्ड छापले. सोनेरी शाई, नक्षीदार वळण, कडेला वेलबुट्टी. आमच्या छापखान्यातून इतके देखणे काम पुन्हा निघाले नाही, हे मी आजही म्हणेन. कुसुमने माझ्यासाठी आणि दादामियाँसाठी दोन कार्डे राखून ठेवायला लावली.

"बाई, आता आपुनबी इरळ झालो," दादामियाँ म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दादामियाँ, त्यांच्या पत्नी आणि मी सर्व्हिस मोटारीने आनंदरावांच्या गावी गेलो. मांडव प्रचंड होता. बारामतीहून खुर्च्या आणल्या होत्या, पुण्याहून आचारी. लग्न गोरज मुहूर्तावर, हळद सकाळी, वऱ्हाड दुपारी पोहोचणार. लग्नाच्या दिवशी सकाळपासून एकेक पट्टेवाला नारळ आणि साहेब येणार नसल्याचा निरोप घेऊन येऊ लागला. कालव्याचे साहेब दौऱ्यावर. मामलेदारांनी आधी विचारून घेतले होते की प्रांतसाहेब येणार का. प्रांतसाहेब येणार नाहीत असे कळताच त्यांनाही काम निघाले. बाकीच्यांनी मामलेदारांकडे पाहिले. उंचावरच्या माणसांचे हे मला तेव्हा कळले. प्रत्येकाला आपल्याहून उंच कोणी येणार आहे का, हे पाहूनच निघायचे असते.

मी अक्कांबरोबर माळवदावर होते. आनंदराव वर आले ते मोटारीचा धुरळा दिसतो का हे पाहायला. रस्ता मोकळा होता. मग त्यांची नजर गावाकडे गेली आणि तिथेच राहिली.

गावातल्या प्रत्येक घरातून धूर निघत होता.

मला आधी त्यात काही दिसले नाही. सकाळची वेळ, स्वयंपाक चाललेला. पण आनंदराव त्या गावात जन्मले होते. ते माळवदाच्या कठड्यावर बसले.

"बघ, आंद्या," अक्का म्हणाल्या. "समद्या गावानं भाकरी थापल्यात आज. तुझ्या दारात मांडव असताना."

आनंदरावांनी एकेक घर नजरेने मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्या शब्दाचं कुसुम कायतरी सांगत हुती. लई उंचावर गेलं की काय हुतं?"

"दम लागतो," मी म्हणाले.

"लागला," ते म्हणाले, आणि उठले. "अक्का, अक्षता कालवायला घ्या. न्हाव्याला बोलवा."

"अक्षता कालच कालवल्यात मी," अक्का म्हणाल्या. "आन् आता न्हावी चालायचा न्हाय. तुझ्या पायानं जा."

ते फेटा सारखा करून, अक्षता घेऊन अनवाणीच निघाले. पहिले घर भिंतीला भिंत लावून होते. ओट्यावर तात्या म्हणून एक म्हातारे बसले होते. वरून सगळे दिसत होते, ऐकूही येत होते.

"या, आंदराव. कार्ड आणलंत का?" तात्या म्हणाले. "आमाला इंग्रजी वाचाया येत न्हाय, पर सोनेरी हाय म्हणं. भित्तीला लावलं आसतं."

"कार्ड न्हाय, तात्या. आवतण हाय. चूलबंद."

"चूल तर पेटलीया."

"व्हय. दिसतीया."

"सकाळधरनं पेटलीया."

"चुकलं, तात्या."

अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. तात्यांनी अक्षतांकडे पाहिले, आनंदरावांच्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि घरात वळून ओरडले, "आगं ऐकलं का? भाकरीची बुट्टी उचल! पेटल्याली चूल लग्नादिशी इझवू न्हाई. पर तिच्यावरचं मांडवात न्यायला कुणाची बंदी न्हाय." मग आनंदरावांना म्हणाले, "तुमी फुडं व्हा. खालच्या आळीत तुमाला लई बोलणी खायची हायीत. उशीर नगं."

दुपारी वऱ्हाड आले तेव्हा मांडवात खुर्च्या कोपऱ्यात सारलेल्या होत्या आणि जमिनीवर पंगती बसल्या होत्या. पुण्याच्या आचाऱ्याच्या श्रीखंडाशेजारी घरोघरचे पिठले, ठेचा आणि भाकरी होती. वकील व्याह्यांनी पिठले पुन्हा मागून घेतले. त्यांच्या घरच्या बायकांनी नाकाला पदर लावला की नाही ते मला दिसले नाही. मध्ये फार माणसे होती. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे, आतल्या खोलीतले.

तात्यांचे बोलणे ऐकून मी कुसुमला सांगायला खाली धावले. ती पाटावर एकटीच बसली होती. अक्कांनी आणि दादामियाँच्या पत्नींनी तिला हळद लावून दिली होती, पण दोघींनी घाईने लावलेली ती हळद, खोली शांत, आणि पाटाभोवती कोणी नाही.

"येतील," मी म्हणाले. "तुझे वडील स्वतः गेले आहेत."

"येतील व्हय?" तिला खरे वाटेना. "आन् रागानं आल्या तर?" मग म्हणाली, "तवर तुमी एक गाणं म्हणा की हळदीचं. कुणीच न्हाय म्हटलं."

मला हळदीचे एकही गाणे येत नव्हते. मला येत होत्या शाळेतल्या इंग्रजी प्रार्थना. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "मग त्येच म्हणा." मी म्हणायला तोंड उघडले, तोच बाहेर अंगणात बांगड्यांचा आणि बोलण्याचा एकदम गलबला झाला. दार ढकलून एक थोराड बाई आत आली. डोक्यावर भाकरीची बुट्टी तशीच. मागे दुसरी, तिच्या मागे आणखी कितीतरी.

पहिलीने बुट्टी खाली ठेवली, कुसुमचे तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवले आणि म्हणाली, "ही हळद कुणी लावलीया गं? निम्मा कान कोरडा! मानंला तर हातच लागला न्हाय. आंदरावाला कार्ड छापता येतं, लेकीची मान दिसत न्हाय?"

सगळ्या हसल्या. कुसुम हसत होती आणि रडतही होती, आणि कोणीतरी तिच्या डोळ्यांतले पाणी हळदीच्याच हातांनी पुसत होते. मागून एकीने गाणे धरले. दुसरीने ते चुकले म्हणून पुन्हा धरले.

मी सवयीने मागे सरकत भिंतीला लागले. त्या थोराड बाईची नजर माझ्यावर गेली.

"आन् ही कोण?"

"पाव्हणी हाय, मावशी," कुसुम म्हणाली. "बारामतीची. लई शिकल्याली हाय."

"आसूंदे शिकल्याली. हात हायीत न्हवं?" मावशीने हळदीची परात उचलून माझ्यापुढे केली. "हितं मधी ये आन् धर ही."

मी मध्ये गेले आणि परात धरली.